ओनाबाईंचा कागद

नामदेवभाऊ,

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. रविवारी जेवण झालं की मी अजूनही शर्ट बदलतो आणि मग खुर्चीत बसून राहतो. एका रविवारी तर सवयीने रिक्षात बसलो. लिंबायतला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो, रस्ता ओलांडला आणि पलीकडून परतीची रिक्षा केली. वर जाऊन सिंधूताईंसमोर काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

लोक म्हणाले, नशीबवान माणूस, जेवला आणि झोपेतच गेला. सिंधूताई चारला चहा घेऊन उठवायला आल्या तेव्हा तुमचा हात गार लागला, एवढंच त्यांनी मला फोनवर सांगितलं. मला त्यात नशीब वगैरे काही दिसलं नाही. थकवा तेवढा आला, आणि तो अजून गेलेला नाही. जिना चढलो की येतो, पेपर वाचला की येतो, कोणी तुमच्याबद्दल चांगलं बोललं की जास्त येतो. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. नऊ वर्षं राहिली आहे. तिच्याकडे मी वळसा घेत येतोय, कारण सरळ यायची माझी हिंमत नाही.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात तेव्हा मला वाटलं, कुणाचे तरी वडील तक्रार घेऊन आलेत. मधली सुट्टी होती. अंगावरच्या शर्टावर तेलाचे डाग, हातात चिंधीची पुरचुंडी. इतिहास कोण शिकवतं, असं विचारत तुम्ही माझ्या टेबलापर्यंत पोचलात आणि पुरचुंडी सोडलीत. आत जाड निळ्या कापडाचा तुकडा होता, आणि त्याला टोचलेला एक बिल्ला. पंख पसरलेला पक्षी, खाली तीन अक्षरं.

"सर, हे कुठल्या देशाचं?"

इतक्या मोठ्याने विचारलंत की सगळ्या शिक्षकांनी माना वळवल्या. तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सतराव्या वर्षापासून मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं, हे सुरतेत, लिंबायतच्या मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवूनही मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

मला देश ओळखता आला नाही. तसं सांगितलंही. तुम्ही म्हणालात, "मग शोधू." माझ्या नोकरीत मला कोणी 'शोधू' म्हटलं नव्हतं. सगळे 'शिकवा' म्हणायचे.

बमरोलीच्या कारखान्यात तुम्ही जॉबर होतात, बिघडलेले माग दुरुस्त करायचात. तिथे तेल पुसायला चिंध्यांच्या गाठी यायच्या. परदेशातल्या लोकांनी टाकलेले कोट, जाकिटं, गणवेश जहाजाने इकडे येतात, सचिनच्या एका गोदामात बायका ते निवडतात आणि कापतात, आणि मग त्यांचे तुकडे आपल्याकडची यंत्रं पुसतात. त्या तुकड्यांवर कधी कधी बिल्ले राहून जायचे. बाकीचे लोक ते भंगारात टाकायचे. तुम्ही ते चण्याच्या कागदात बांधून घरी आणायचात. पुढे तुम्ही त्या गोदामातल्या बायकांशीही ओळख काढलीत. खिशात, अस्तरात, कॉलरखाली काही धातूचं लागलं की त्या तुमच्यासाठी बाजूला ठेवू लागल्या. महिन्यातून एकदा तुम्ही सायकलने सचिनला जायचात, एवढ्या लांब, आणि जाताना त्यांच्यासाठी तुमच्या गावाकडचे शेंगदाणे घेऊन जायचात.

तेवीस वर्षं आपले रविवार असे गेले. तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत पलंगावर जुनं धोतर पसरायचं, त्यावर एकेक वस्तू मांडायची. मिठाईच्या डब्यांत कापूस घालून तुम्ही ती जपली होती. आपल्याकडे ना पुस्तकं, ना कोणी गुरू. सुरुवातीला माझ्याकडे शाळेचा नकाशासंग्रह होता आणि तुमच्याकडे नजर. बिल्ल्याच्या मागे पिन आहे की आटे पाडलेला खिळा, हे तुम्ही आधी बघायचात. "पुढची बाजू साहेबाने ठरवलेली असते," तुम्ही म्हणायचात, "मागची बाजू कारागिराची असते. देश मागच्या बाजूला कळतो." मी इतिहासाचा शिक्षक. हे वाक्य मी पुढे पाच-सहा वर्षं वर्गात स्वतःचं म्हणून वापरलं.

चुकाही केल्या. ते सोनेरी पदक आठवतं? दोन माणसं, मध्ये मुकुट, लाल-पांढरी फीत. दोन महिने आपण ते कुठल्यातरी सेनापतीचं म्हणून जपलं. सिंधूताईंनी ते शेजारणीला दाखवलंसुद्धा. मग कळलं की एका गावातल्या मासे धरण्याच्या स्पर्धेचं आहे. मला हसू आवरेना. तुम्ही ते परत कापसात ठेवलंत आणि म्हणालात, "मासे धरणं काय सोपं आहे का, सर?"

आणि चिंचेचं प्रकरण. तुम्ही गावी गेला होतात, मी एक काळवंडलेलं पदक घरी नेऊन चिंचेच्या कोळाने घासलं. लखलखीत झालं. तुम्हाला आनंद होईल म्हणून घेऊन आलो. तुम्ही ते खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिलात. त्याच्यावरच्या माणसाचं नाक, डोळे सगळं पुसट झालं होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पुढचे तीन रविवार तुम्ही घरी असूनही सिंधूताई दारातूनच सांगायच्या, झोपलेत. चौथ्या रविवारी तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "त्याचा काळेपणा त्याचा होता. आपण कोण?" त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मला राग आला होता तुमचा. एका पदकासाठी तीन रविवार, असं वाटलं होतं.

आता ओनाबाईंचा कागद.

नऊ वर्षांपूर्वी सचिनच्या बायकांनी तुम्हाला एक अख्खं जाकीट दिलं. बाईमाणसाचं, गर्द निळं, जाड लोकरीचं. कापायला घेतलं तेव्हा आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं म्हणून त्यांनी कात्री थांबवली होती. खिशात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक पदक आणि चार घड्या घातलेला जाड कागद. तुम्ही तो माझी वाट बघत तीन दिवस उघडला नव्हता. आपण दोघांनी मिळून तो पलंगावर उलगडला. वर झेंडे, एका पुढाऱ्याचं बाजूने काढलेलं तोंड, खाली मजकूर, शाईची सही, गोल शिक्का. अर्धा मजकूर रशियन लिपीत, अर्धा इंग्रजीसारख्या अक्षरांत, पण इंग्रजी नाही.

मी लगेच सांगून टाकलं, रशियाचं मानपत्र आहे. तुम्ही मान हलवली नाहीत.

"सर, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर मराठी आणि गुजराती दोन्ही का असतं?"

"कारण शाळा मराठी आणि सरकार गुजरातचं."

"मग हे दोन भाषांत का? रशियाचा माणूस रशियातच राहत असेल तर त्याला दुसरी भाषा कशाला लागेल? ही बाई आपल्यासारखी आहे. घरची भाषा वेगळी, वरच्यांची वेगळी."

तुम्ही भिंग घेऊन दुसऱ्या अर्ध्याकडे वळलात. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक, तुम्ही अक्षरं चित्रांसारखी बघायचात. "या अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार आहे," तुम्ही म्हणालात. खरंच होतं. इंग्रजी 'ई', आणि तिच्या डोक्यावर एक टिंब. मला तो शाईचा डाग वाटला होता. तुम्ही मोजून दाखवलंत, सहा ठिकाणी. बाईच्या आडनावाच्या शेवटीही तेच.

त्या टिंबाने आपल्याला देश दाखवला, असं टिंब ज्या भाषेत लिहितात त्या भाषेचा. लिथुआनिया. मानपत्र ज्या देशाने दिलं तो मोठा देश आता नकाशात नाही, त्याच्यातून सुटलेला हा लहान देश मात्र आहे. रशियन अर्ध्यासाठी मी गुजरीच्या जुन्या बाजारातून शब्दकोश आणला. तीन आठवडे मी एका शब्दापाशी अडलो होतो. शब्द बाईच्या नावाच्या, ओना या नावाच्या, आधी होता आणि शब्दकोशात सापडत नव्हता. त्यांची नामं आपल्यासारखी विभक्तीने बदलतात हे लक्षात आलं, शेपूट कापलं आणि मूळ शब्द मिळाला. दुसऱ्या भाषेतला शब्दही तोच अर्थ सांगत होता: 'औदेया', आणि त्याच्यातही ते टिंबवालं अक्षर.

मी रविवारची वाट न बघता बुधवारी तुमच्या कारखान्यावर आलो. मागांच्या आवाजात काही सांगता येईना म्हणून तुमच्या हातातल्या खडूने दाराच्या फळीवर लिहिलं: विणकर. ही बाई विणकर होती.

तुम्ही ते वाचलंत. मग एकदा मागे वळून सगळ्या मागांकडे बघितलंत. तुमच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आनंद म्हणावा तर नव्हता. आपल्या गावचं कोणीतरी परमुलखात अचानक समोर यावं तसं काहीतरी.

"मागावर काम केलं म्हणून सरकारनं कागद दिला?" तुम्ही बाहेर आल्यावर विचारलंत. "नाव घालून?"

"नाव घालून."

"आणि तिनं तो खिशात ठेवला." एवढं बोलून तुम्ही आत गेलात.

पुढच्याच रविवारी तुम्ही म्हणालात, हे परत पाठवायचं. तिथून आपला वाद सुरू झाला, तो कधी संपलाच नाही. मी म्हणालो, बाई जिवंत असेल का? म्हणालो, तिच्याच घरच्यांनी जाकीट देऊन टाकलं, आता त्यांना त्या कागदाचं काय? आपण जपतोय, ओळखतोय, त्यांच्यापेक्षा आपल्यालाच त्याची जास्त कदर आहे. तुम्ही डाव्या कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलंत.

"सर, त्यांनी कोट दिला. खिसा नाही दिला."

मी हरलो आणि पत्र लिहायचं कबूल केलं. कागदावर गावाचं नाव होतं, कापड गिरणीचं नाव होतं. मी म्हणालो, गावाच्या नगरपालिकेला इंग्रजीत लिहितो. तुम्ही तिकिटासाठी पाकिटाला हात घातलात, मी नको म्हणालो. पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "टाकलं?" मी म्हणालो, "टाकलं."

टाकलं नव्हतं, नामदेवभाऊ.

तेव्हाही नाही, नंतरही नाही. तुमच्याशी खोटं बोलायचं तर तेही ओरडूनच बोलावं लागायचं. माझं खोटं तुमच्या आख्ख्या चाळीने ऐकलंय. "उत्तर आलं का, सर?" "नाही आलं." पहिल्या वर्षी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीच्या सुमारास. एकदा तुम्ही म्हणालात, पत्ता चुकला असेल, दुसरं पत्र टाकू. मी म्हणालो, टाकतो. तेही टाकलं नाही.

लोकांना सांगायला माझ्याकडे कारणं आहेत. माझी पत्नी त्या वर्षी आजारी होती, पुढे गेली. शाळेतली मुलं कमी होत गेली, आईबाप मुलांना गुजराती आणि इंग्रजी शाळेत घालू लागले, शेवटी वर्ग बंद पडले आणि मी निवृत्त झालो. हे सगळं खरं आहे, पण या कामापुरतं यातलं एकही कारण खरं नाही. मला तो कागद जाऊ द्यायचा नव्हता. पस्तीस वर्षं शिकवून मला कोणी कसलं मानपत्र दिलं नाही. त्या एका शब्दाचं शेपूट कापून मी अर्थ काढला, तेवढी एकच गोष्ट आयुष्यात मी स्वतः शोधून काढली असं मला वाटायचं. दर काही रविवारांनी तुम्ही तो कागद धोतरावर उलगडायचात आणि मी त्याच्याकडे माझ्या कमाईकडे बघावं तसा बघायचो. उत्तर आलं असतं तर तुम्ही तो त्याच दिवशी पाठवला असता, हे मला पक्कं माहीत होतं. मला ते उत्तर यायला नको होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधूताईंनी मला बोलावलं. चारही डबे पलंगावर काढून ठेवले होते.

"सर, हाई लई जा," त्या म्हणाल्या. "घरमा आते कोन वयखी?"

घरात आता ओळखणारं कोणी नाही, हे खरंच होतं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी मी खोटं बोललो ते माझ्यापुढे आपणहून आलं होतं. मी डबे उचलले. दारापर्यंत गेलो. मी परत येऊन डबे खाली ठेवले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मला वाटलं रडतील, किंवा उठून जा म्हणतील. ते मला सोपं गेलं असतं.

"मंग आते टाका," त्या म्हणाल्या. "टपाल काय बंद पडनं का?"

आणि देठं गोळा करायला लागल्या.

मी घरी येऊन जुना शब्दकोश काढला. ते पत्र त्यातच होतं, तिकिटं लावलेलं. उघडून वाचलं. नऊ वर्षांपूर्वीचं माझं पहिलंच वाक्य होतं: मला एक मानपत्र सापडलं आहे. मला. पानभर पत्रात तुमचं नाव कुठेही नव्हतं. तुम्ही ते पत्र वाचायला मागितलं असतंत तरी वाचता आलं नसतं, हे त्या वेळी माझ्या मनात कुठेतरी असणारच. खोटं बोलल्याची लाज मला होतीच, तिची थोडी सवयही झाली होती. या वाक्याची लाज मात्र नवी होती. दिवसभर मी जेवलो नाही.

नवं पत्र लिहिलं. या वेळी पोस्टाने नाही, फोनवरून ईमेलनेच, त्या गावातल्या एका लहान संग्रहालयाला. लिहिलं की सुरत शहरात नामदेव नावाच्या माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे मानपत्र सापडलं. ते कुठलं आहे हे त्यांनी ओळखलं. अर्थ लागला त्याच आठवड्यात त्यांना ते परत करायचं होतं. मी शिक्षक, माझ्यावर त्यांनी ते काम सोपवलं आणि मी ते नऊ वर्षं केलं नाही. ते आता वारले. सिंधूताईंकडे जाऊन कागदाचा आणि पदकाचा फोटो काढला, तो जोडला.

चार दिवसांत उत्तर आलं. चारच दिवसांत. ते वाचून मी फोन पालथा ठेवला.

संग्रहालयातल्या बाईंनी गिरणीच्या जुन्या माणसांना विचारून ओनाबाईंची मुलगी शोधली होती. ओनाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तुम्ही 'टाकू' म्हणालात तेव्हा त्या होत्या. तुम्ही 'उत्तर आलं का' म्हणून विचारत होतात त्यातली सहा वर्षं त्या होत्या, कागदावरच्या त्याच गावात. हे मी तुमच्यापासून आणखी लपवणार नाही. तुम्ही असतात तर काय बोलला असतात ते मला माहीत आहे. काहीच नाही. दार तीन रविवारांनी उघडलं असतं, की नसतंच, ते सांगता येत नाही.

मग मुलीचं पत्र आलं. घर बदलताना आईचे गरम कपडे एका संस्थेला दिले, खिसे बघायचे राहिले, असं तिने लिहिलं होतं. आईने त्यावरून तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. नंतर कधी ओरडली नाही, पण नवीन कोट घेतला की आतल्या खिशात हात घालून बघायची. शेवटची वर्षं तिला ऐकू येत नव्हतं, गिरणीने कान नेले होते. कागद परत आला तर आईच्या फोटोशेजारी लावीन, असं मुलीने लिहिलं होतं. पदकाबद्दल तिचं म्हणणं वेगळं होतं. अशी पदकं त्या काळी पुष्कळांना मिळाली, कागदावर मात्र आईचं नाव आहे. पदक त्या माग दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी राहू द्या. त्यांचा एखादा फोटो असेल तर पाठवा.

मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. आभार मानले. ते मी दोनदा वाचले आणि मला ते घेता आले नाहीत, म्हणून इथे तुमच्या हवाली करतो.

सिंधूताईंना सगळं वाचून दाखवलं. ओनाबाई गेल्याचं ऐकून त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग बराच वेळ एक डबा धुंडाळून तुमचा एक फोटो काढला. हार घातलेला तो नव्हे. कारखान्यात कोणीतरी काढलेला, मागाच्या खाली अर्धे शिरलेले तुम्ही, हातात पाना, कॅमेऱ्याकडे वैतागून बघताय. मी म्हणालो, यात चेहरा नीट नाही. त्या म्हणाल्या, हाच द्यायचा. पदक त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं नाही, याचं मला बरं वाटलं. तुमच्या पान्यांच्या आणि पक्कडींच्या पेटीत ठेवलं.

चारही डबे अजून तुमच्याच घरी आहेत. मी ठरवलंय की ते मी नेणार नाही. रविवारी तिथेच जाऊन बसेन. त्यांत नावं असलेल्या वस्तू किती आहेत ते बघायला सुरुवात केली आहे. दोन सापडल्या. एकीचं काम सोपं दिसत नाही, दुसरीचं बहुतेक होणारच नाही. पूर्वी अशा वेळी मला हुरूप यायचा, आता येत नाही. डोळे दुखतात, भिंग धरून हात भरून येतो. तरी बघतो. आपला वाद मी मिटवून टाकलेला नाही, हेही सांगून ठेवतो. मासे धरण्याच्या त्या पदकाचं आपण काय करायचं? त्याच्यावर नाव नाही, गावात आता ती स्पर्धाही होत नाही. ते जपायला कोणीतरी हवंच ना? यावर तुम्ही काहीतरी बोलला असतात. मी पुष्कळ वेळ विचार करतो, पण तुमचं उत्तर मला तुमच्यासारखं सुचत नाही.

काल आम्ही पोस्टात गेलो. मी एकटाच जाणार होतो. सिंधूताई म्हणाल्या, मीही येते. सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं. रिक्षात त्यांनी पाकीट मांडीवर आडवं ठेवलं होतं, वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घालून मी ते शिवलं होतं. रांगेत आम्ही पाऊण तास उभे राहिलो. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं, बसल्या नाहीत. खिडकीवरच्या माणसाने पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं, पत्त्यावरचा देश वाचायचा प्रयत्न केला, सोडून दिला.

"अंदर शुं छे, काका?"

मी बोलायला तोंड उघडलं. कागदपत्र म्हणावं, की जुनं मानपत्र म्हणावं, की त्याची किंमत विचारतील, की आणखी कुठला फॉर्म लागेल, अशा नसत्या गोष्टी डोक्यात आल्या आणि मी अडखळलो. सिंधूताई माझ्या बाजूने पुढे सरकल्या. खिडकीच्या गजांमधून त्यांनी त्या पाकिटावर दोन बोटं टेकवली.

"एक बाईनं नाव शे त्यामा," त्या म्हणाल्या.

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यात एका बाईचं नाव आहे, हे त्यांच्या बोलीत त्याला पुरतं कळलं की नाही कोण जाणे. त्याने आणखी काही विचारलं नाही. वजन केलं, शिक्का मारला, पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट मागच्या पोत्यात फेकायच्या ऐवजी उठून स्वतः नेऊन ठेवलं. रांगेतली माणसं पुढे सरकायला लागली. सिंधूताई बाजूला होऊन पोत्याकडे बघत उभ्या राहिल्या, ते बांधून आत नेईपर्यंत. मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो.